सात धारांचा मुलूख आणि जड कवड्या

१३ मार्च २०१६, रविवार

नवी वही. जुनी काल भरली. नव्या वहीत पहिल्या पानावर सगळं नीट लिहायचं, ही माझी सवय, म्हणून लिहिते.

मी सिंधु. लातूरच्या भूमी अभिलेखात मोजणीचे नकाशे काढते, आणि दर पंधरा दिवसांनी रविवारी दुपारी सात धारांचा मुलूख चालवते. हा मुलूख कुठल्याच सरकारी नकाशात नाही. नऊ वर्षांपूर्वी नांदेडला तंत्रनिकेतनात शिकताना आम्ही तो सुरू केला. व्यंकटनं कुठूनतरी एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स आणली होती. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि काय होईल ते फाशांनी ठरवायचं, असा तो खेळ. पुस्तकात वीस बाजूंचा फासा लिहिला होता. नांदेडात असला फासा कुठून मिळणार? आम्ही जिथं जेवायचो त्या खानावळीच्या नीलामावशींनी आपल्या आईच्या सारीपाटातल्या सहा कवड्या काढून दिल्या आणि म्हणाल्या, "ह्या घ्या, पण मला बी खेळात घ्या." तेव्हापासून सांगणारी मी. नीलामावशी चेटकीण. देगलूरचा गुंडप्पा व्यापारी, खेळात पण आणि खऱ्यात पण, कारण लातूरला त्याचं बियाण्याचं दुकान आहे आणि त्याच्याच गोदामात पोत्यांवर बसून आम्ही खेळतो. आणि व्यंकट म्हणजे रायभान नावाडी, सातही धारांत ज्याची नाव चालते असा एकच.

नियम थोडे आहेत, पण मोडत नाहीत. कवडी तोंड वर करून पडली तर उघडी. सहाही पालथ्या पडल्या तर ती आंधळी. आपल्या माणसाचा जीव लावून टाकलं आणि सहा उघड्या पडल्या तर मागणं मिळतं. काहीही मागा, सांगणारीला नाही म्हणता येत नाही. जीव लावून आंधळी पडली तर माणूस मेला. मधलं काही पडलं तर काहीच होत नाही.

आता आजचं. आजचा खेळ नऊ वर्षांतला सगळ्यात भारी झाला.

दिवाळीपासून मी मुलखात दुष्काळ आणलाय. सातही धारा आटवल्या. बाहेर मांजरा नदी कोरडी पडलीय आणि आम्ही पोत्यावर बसून पुराच्या गोष्टी करायच्या, हे मला खोटं वाटायला लागलं होतं. आणि नावाड्याला कोरड्या नदीत उभं केलं की खरी गोष्ट सुरू होते. व्यंकट तेव्हा म्हणाला होता, "खेळात तरी पाणी राहू दे की गं." मी म्हटलं, "रडू नको." मग संक्रांतीला राजानं मुलखाच्या कोरड्या काठाचा नवा जिल्हा केला आणि रायभानला तिथला सुभेदार नेमलं. इकडं सगळे उदगीर जिल्हा होणार म्हणून बोलून राहिलेत, त्यावरून सुचलं. नव्या जिल्ह्यात पाण्याच्या गाड्या कुठल्या गावाला जायच्या ते रायभान ठरवणार. व्यंकट खऱ्यात तेच करतो ना, टँकरच्या फेऱ्या लावायच्या. त्याला सोपं जाईल म्हटलं.

गेल्या खेळात चहाच्या वेळी तो सांगत होता, बोरवाडीची फेरी त्यानं एक दिवस पुढं ढकलली, दुसऱ्या गावात माणसं जास्त होती म्हणून. त्याच दिवशी तिथली एक बाई वाटीनं पाणी खरवडायला विहिरीत उतरली आणि पडून मेली. चांगुणा नाव. बस, मला माझी गोष्ट सापडली. आज रायभाननं एका गावाची गाडी पुढं ढकलली (ढकलावीच लागेल अशी मांडणी मी केली होती) आणि मी सांगितलं, "सुभेदार, माणसं निरोप घेऊन आलीत. गावातली बाई विहिरीत पडली." गावाचं नाव मी बदललं. बाईचं तेच ठेवलं, नाव चांगलं होतं.

गोदामात असा शुकशुकाट झाला की पोत्यात घुशी हलल्या तरी ऐकू यावं. गोष्ट लागली की माणसं गप्प होतात. व्यंकट उठून बाहेर गेला, अर्ध्या तासानं आला तर तोंड ओलं. तोंड धुवायला पाणी कुठून आणलं कोण जाणे. नंतर तो एक शब्द बोलला नाही. इतका रंगला होता.

२० मार्च

आज खेळ नव्हता, पण गुंडप्पाच्या दुकानावरून गेले. तो म्हणाला, "अक्का, मुलखात थोडं पाणी सोड की. एक धारा तर चालू कर." मी म्हटलं, गुंडप्पा, तू बियाणं विकतोस का पावसाची जाहिरात करतोस? हसला नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून चिडचिडा झालाय.

२३ मार्च, होळी

दुपारी ऑफिसात होते. फोन वाजला. आमच्या ग्रुपवर व्यंकटचा मेसेज. जसाच्या तसा उतरवते, म्हणजे पुढं मी विसरणार नाही:

"मुलूख आता बास. एक मेला रविवार आहे, शेवटचा खेळ करू. मी त्यापुढं येणार न्हाई. कुणी वाईट वाटून घेऊ नये."

बास. नऊ वर्षं, दोनशेच्या वर खेळ, माझे एकतीस नकाशे, माझ्या अकरा वह्या, आणि बास. फोन करून सांगायची पण लाज वाटली का? आणि त्याहून वाईट म्हणजे दोन मिनिटांत गुंडप्पानं अंगठा दाखवला आणि मावशींनी लिहिलं, "बरं बाबा. ठीक हाय." माझ्याशिवाय ठरलं होतं हे. मला विचारायचं कुणाला सुचलं नाही. मुलूख माझा, आणि मलाच नोटीस.

मी काही लिहिलं नाही. नकाशावर बांध काढताना हात इतका दाबला गेला की कागद फाटला.

२६ मार्च

आता कळलं. आमच्या ऑफिसातले शेषेराव शिपाई, त्यांना सगळ्या दफ्तरांतल्या बातम्या असतात. ते म्हणाले एक मेला उदगीर जिल्हा जाहीर होणार, नवी दफ्तरं उघडणार, टँकरवाल्या व्यंकटरावांचं नाव तिकडं वरच्या जागेसाठी गेलंय. मला तर ह्याच आठवड्यात नव्या हद्दीचा कच्चा नकाशा करायला सांगितलाय. माझ्याच हातानं मी त्याच्या साहेबकीची हद्द आखून राहिले.

म्हणून मुलूख बास. साहेब होणार ना. साहेबानं पोत्यावर बसून कवड्या टाकल्या तर कसं दिसेल. नीट सांगितलं असतं तोंडावर, "सिंधु, मला लाज वाटते," तर मी सोडून दिलं असतं. कदाचित. पण मेसेज?

ठीक आहे. एक मे तर एक मे. रायभान नावाडी, सात धारांचा राजा, पोरांच्या तोंडी ज्याचं नाव, त्याचं मी काय करते ते बघच. नऊ वर्षं मी त्याला वाचवत आले. साप, पूर, विष, सगळ्यातून. किती वेळा कवड्या वाईट पडल्या आणि मी गोष्ट अशी वळवली की तो तरला. आता नाही.

३ एप्रिल

मरण लिहायला घेतलंय. चार पानं तरी होतील. साधं मरण नाही द्यायचं. लढताना तर नाहीच, नाव होतं त्यानं. त्याच्या मरणाला कुणी रडणार नाही. ज्या काठावर त्याची नाव लागायची तिथलेच लोक त्याच्या तोंडावर थुंकतील. नाव फोडून चुलीत घालतील.

अडचण एकच. मी मारते म्हणून माणूस मरत नाही, कवड्यांनी मारावं लागतं. नियम माझाच. आंधळी पडायला पाहिजे.

गंजगोलाईतल्या पूजेच्या दुकानातून सहा कवड्या आणल्या. चहाच्या चोथ्यात दोन दिवस ठेवल्या, जुन्या दिसतात आता. मोजणीच्या ओळंब्याचं एक जुनं शिसं घरी पडलं होतं, ते कानशीनं घासलं. सीलाची लाख वितळवून त्यात कीस मिसळला, फटीतून आत सोडला, तोंडाकडच्या बाजूला थिजू दिला. हात भाजला. आई म्हणाली, "काय करून राहिलीस दुपारची?" म्हटलं, ऑफिसचं काम.

५ एप्रिल

पन्नास वेळा टाकून बघितल्या. सत्तेचाळीस वेळा आंधळी. लई चांगलं वाटलं.

१० एप्रिल, रविवार

शेवटून दुसरा खेळ. नीलामावशी नांदेडहून एसटीनं आल्या, नेहमीसारख्या ज्वारीच्या दशम्या आणि तिखट घेऊन. व्यंकट वाळलाय. मोटरसायकलवर पाण्याचे दोन कॅन बांधून आणले आणि माझ्यापुढं ठेवले. "तुझ्या गल्लीला आठ दिवस न्हाई आलं ना. काकूला दे." आमच्या गल्लीला पाणी आलं नाही हे ह्याला बरं ठाऊक. यादी त्याच्याच हातात. मी कॅन घेतले, आईसाठी. पण मनात म्हटलं, दोन कॅनात विकत घेतोस होय.

आज चालत्या खेळात खऱ्या कवड्याच वापरल्या. रायभाननं काही केलंच नाही. डोक्यावर नाव उचलली आणि कोरड्या पात्रातून चालत राहिला. मी विचारलं, कुठं निघालास? म्हणाला, "बघतो. कुठंतरी पाणी असंल." डाकू आणले, लढला नाही. नवा जिल्हा सोडून गेल्याबद्दल राजाचा खलिता आणला, वाचला नाही. सगळा खेळ पाण्यात घातला त्यानं, आणि मावशी नि गुंडप्पा त्याच्याकडं अशी बघत होती की बिचारा. मला राग यायच्या ऐवजी गंमत वाटली. चाल बाबा चाल, एक मे लांब नाही.

१२ एप्रिल

मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. अर्धं गाव बघायला. लोकांनी डब्यांना हार घातले. मी गेले नाही, नकाशा होता.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी आईला घेऊन पुतळ्यापाशी गेले. सव्वाशेवी म्हणून गर्दी होती, निळे झेंडे, पण यंदा मंडळांनी सरबताचे स्टॉल लावले नाहीत, पाण्याच्या टाक्या लावल्या. येताना टँकरच्या पॉइंटवर व्यंकट दिसला. कपाळाला पट्टी. आईनं विचारलं, "काय झालं रे?" तो म्हणाला, "घागर लागली काकू. लागली म्हणजे फेकली एकीनं. तिचा नंबर गेला होता." आणि हसला. त्याच्या मागं एक बाई त्याच्या आईवरून शिव्या घालत होती आणि तो पाइप सरळ करत होता.

खरं लिहायचं म्हणून ही वही असते. तर खरं हे, की पट्टी बघून मला आधी बरं वाटलं. मग आई म्हणाली, "किती सोसतंय लेकरू," आणि मला आईचा पण राग आला.

२४ एप्रिल

आजचा खेळ नाही, आता थेट एक मेलाच बसायचं ठरलंय. मावशींचा नांदेडहून फोन. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाल्या, "पोरी, एक सांगू? त्या बाईचं नाव बदल. चांगुणाचं."

म्हटलं, मावशी, गोष्टीतलं नाव ते. नावाला काय होतं?

त्या म्हणाल्या, "तू हुशार हायस. तुला मी काय सांगावं." आणि ठेवला.

सगळे त्याच्या बाजूनं. मावशींना माझ्यापेक्षा तो आधीपासून लाडका, खानावळीत जास्तीची पोळी त्यालाच जायची. चार पानांची आज साडेचार झाली. शेवट फार जमलाय: रायभान मेल्यावर त्याचं नाव घ्यायची मुलखात बंदी होते.

१ मे, रविवार

आज सगळं क्रमानं लिहिते. ताजं आहे तोवर.

सकाळी झेंडावंदन, दुपारी गोदाम. नव्या जिल्ह्याचं काही जाहीर झालं नाही, नेहमीसारखी हूल. शेषेरावांना सकाळी विचारलं, व्यंकटरावांच्या जागेचं काय? तर म्हणाले, "कुठली जागा? मी हाव म्हणालो काय? कुणीतरी बोललं म्हणून बोललो." म्हणजे साहेबकी नव्हतीच. मग वाटलं, जागा नाही तरी मेसेज तर होताच. लाजेचं कारण पण नसताना सोडून जातोय म्हणजे आणखीच वाईट. मी पिशवीत दोन बटवे घेतले होते. लाल बटव्यात मावशींच्या कवड्या, हिरव्यात माझ्या. हिरवा बाहेर काढून ठेवला. लाल मांडीखाली पिशवीतच.

मावशींनी शेवटचा खेळ म्हणून पुरण केलं होतं. गुंडप्पानं पोत्यांवर नवी सतरंजी अंथरली. व्यंकट उशिरा आला, अंगाला डिझेलचा वास. पाया पडून मावशींपाशी बसला.

मी सुरू केलं. कोरड्या राजाचा वाडा, रायभान दाराशी, आत शंभर भालेकरी. म्हटलं, काय करतोस?

तो म्हणाला, "रायभान वाड्यात जात न्हाई."

"मग?"

"त्या गावाला जातो. ज्याची गाडी त्यानं पुढं ढकलली होती. विहिरीपाशी."

हे माझ्या मांडणीत नव्हतं. मी म्हटलं, तिथं आता काही नाही. विहीर कोरडी. तो म्हणाला, "असू दे. नाव काठाला ठेवतो. दोर बांधतो. आत उतरतो." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "सिंधु, मी जीव लावतो. मागणं मागायचंय."

मला तर हवंच होतं. मी जीव लावायला भाग पाडणार होते, त्यानं आपणहून लावला. म्हटलं, काय मागतोस?

"चांगुणा जिवंत वर यावी."

मावशींनी पदर तोंडाला लावला. गुंडप्पा सतरंजीचे दोरे ओढत बसला. मी म्हटलं, विचार कर, आंधळी पडली तर रायभान मेला. "हाव, ठाऊक हाय," म्हणाला. मी हिरवा बटवा पुढं सारला.

त्यानं कवड्या ओंजळीत घेतल्या. नेहमी तो घेतो न घेतो तोच टाकतो. आज घेऊन थांबला. एकदा हलवल्या. परत थांबला. ओंजळ जरा खालीवर केली, आणि माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. रागानं नाही. विचारल्यासारखं.

"टाकू?"

मांडीखाली लाल बटवा टोचत होता. मला मेसेज आठवला, अंगठा आठवला, बरं बाबा ठीक हाय आठवलं.

"टाक," मी म्हटलं.

सहाच्या सहा पालथ्या.

मी साडेचार पानं काढली. दीड पान झालं, लोक थुंकतात तिथपर्यंत, तर मावशी म्हणाल्या, "बास कर, सिंधु." मला सिंधु कधी म्हणत नाहीत त्या. व्यंकट म्हणाला, "वाचू द्या मावशी. पूर्ण वाच." मी पूर्ण वाचलं. नाव फोडली, चुलीत घातली, नाव घ्यायची बंदी झाली. तो मान खाली घालून सगळं ऐकत होता, शाळेत छड्या खाताना पोरं उभी राहतात तसा.

पुरण कुणी खाल्लं नाही. तो उठला, मावशींच्या पाया पडला, गुंडप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. दाराशी जाऊन चप्पल घालता घालता म्हणाला, "कवड्या लई जड झाल्यात, सिंधु."

आणि गेला.

झालं. ठरवलं होतं तसंच झालं, ओळीला ओळ. घरी येऊन मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२ मे

त्याला कळलं होतं. टाकायच्या आधी कळलं होतं. मग टाकल्या कशाला?

३ मे

मावशींना फोन केला. मीच केला. त्या आधी बोलायला तयार नव्हत्या. मग बोलल्या. त्या बोलल्या तसं लिहिते.

"तुला त्यानं अर्धंच सांगितलं होतं बाई. बोरवाडीच्या विहिरीत उतरायला कुणी तयार न्हवतं, दरड ढासळून राहिली होती. टँकर घेऊन हाच गेला होता ना दुसऱ्या दिशी. ढकललेली फेरी घेऊन. तर ती आतच. हाच उतरला दोर बांधून. हातात घेतली तवा तिला धुगधुगी होती म्हणतो. वर येस्तोवर गेली. त्याच्या खांद्यावर. मला सांगितलं होतं, गुंडप्पाला सांगितलं होतं. तुला सांगणार होता त्या रविवारी, खेळ झाल्यावर. तर तू खेळातच काढलंस. नावासकट."

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं का नाही?

"सांगितलं की पोरी. नाव बदल म्हणलं. पाणी सोड म्हणला गुंडप्पा. तो तर दिवाळीतच म्हणला होता."

मग मी विचारलं, कवड्यांचं तुम्हाला कळलं होतं का? मावशी म्हणाल्या, "माझ्या आईच्या कवड्या न्हवत्या त्या. मला न्हाई कळणार व्हय? पण मला वाटलं, तू बदलशील. शेवटपर्यंत वाटलं."

६ मे

ऑफिसात बसून नव्या हद्दीचा कच्चा नकाशा परत काढला, आता लागणार नाही तरी. बोरवाडी त्यात एक ठिपका आहे. विहिरीची खूण असते आमच्याकडं, छोटं वर्तुळ. मी हजारभर काढली असतील.

सारखं एकच डोक्यात येतं. कवड्यांची पण गरज नव्हती. सांगणारी मी होते. त्यानं मागितलं तेव्हा नुसतं म्हणायचं होतं, दोर हलला, वर आली, पाणी मागतेय. एवढं एक वाक्य. त्याला खऱ्यात मिळालं नाही ते तो माझ्याकडं मागायला आला होता, आणि जड कवड्या हातात घेऊन पण थांबून बघितलं, मी देते का. नऊ वर्षं मी त्याला प्रत्येक पुरातून काढलं आणि त्या एका विहिरीतून काढलं नाही. मुद्दाम. हे मुद्दाम मला पुसता येत नाही. लिहून ठेवते.

८ मे, रविवार

सकाळच्या एसटीनं बोरवाडीला गेले. आज तिथं टँकरची फेरी, हे गुंडप्पानं सांगितलं. सोबत लाल बटवा. काय बोलायचं ते वाटेत पाठ करत होते.

गावाच्या तोंडालाच विहीर. तिच्यावर आता बोराट्या टाकल्यात, कुणी उतरू नये म्हणून. पलीकडं टँकर आणि बायकांची रांग, लांबच लांब. व्यंकट टँकरच्या मागं पाइप धरून उभा. कपाळावर खूण राहिलीय.

मी जवळ गेले. म्हटलं, व्यंकट.

त्यानं बघितलं. "भांडं आणलंस का?"

"नाही."

"मग जरा बाजूला हो. लाईन हाय."

मी बाजूला झाले. बटव्यातून कवड्या काढून तळहातावर धरल्या. म्हटलं, ह्या खऱ्या आहेत. एकदा टाक. काही पडू दे, मी सांगते ती वर आली. रायभान पण मेला नाही, मी ती पानं जाळते.

तो घागर भरत होता. भरली, दुसरी लावली. "मेला, सिंधु," म्हणाला. "आंधळी पडली. ती पण मेली. आता परत परत नको." आवाज चढवला नाही. पुढच्या बाईला म्हणाला, "मावशी, घागर तिरपी धरा, सांडून राहिलंय."

टँकर रिकामा व्हायला तासभर लागला. शेवटच्या तिघींना अर्ध्या अर्ध्या घागरी आल्या, त्यांनी त्याला बोल लावले, त्यानं ऐकून घेतले. मग वहीत खूण केली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. पुढच्या गावाची वेळ झाली होती. गाडी वळताना त्यानं माझ्याकडं बघितलं की विहिरीकडं, मला कळलं नाही.

मी तिथंच उभी. अर्धी घागर मिळालेली एक म्हातारी माझ्या हाताकडं बघत होती.

"काय हाय बाई हातात?"

"कवड्या."

"खेळायच्या?"

"हाव," मी म्हटलं.

"खेळा," ती म्हणाली, आणि घागर डोक्यावर घेऊन गेली.